शबद-कीर्तनातील तबल्याची साथ : रियाज नेमका कशाचा करावा?

मुठाकाठ (धागालेखक)

नमस्कार. मी तबल्यात विशारद असून पुण्यात अभंग, सुगम संगीत आणि क्वचित नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करतो. शेजारच्या शीख कुटुंबामुळे लष्कर भागातील गुरुद्वाऱ्यात माझे जाणे-येणे सुरू झाले. तेथे सुट्टीच्या दिवशी कीर्तन शिकणाऱ्या मुलामुलींचा एक जथा, म्हणजे गायन-वादनाचा संच, आहे आणि त्यांना सरावासाठी तबलजी हवा आहे. मी होकार दिला आहे. ठेके (तालाचे ठरलेले बोल) परिचयाचे आहेत, कारण बहुतेक शबद, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबमधील पदे, कहरवा, दादरा, तीनताल, रूपक किंवा झपतालात गायले जातात. तरीही त्यांच्याबरोबर वाजवताना आपण कुठेतरी गाण्याच्या आड येत आहोत, असे मला सतत जाणवते. अभंगात जेथे मी सहज उठाण (जोरकस भरीचा तुकडा) घेतो, तेथे या गायनात दुसरा आवाज आधीच सुरू झालेला असतो. गाणारा मध्येच ताल सोडून निराळ्याच ओळी म्हणू लागतो, आणि त्या वेळी ठेका चालू ठेवावा की थांबवावा, हे कळत नाही.

माझे प्रश्न असे : शबदाची रचना तबलजीने कितपत समजून घ्यावी? घरच्या रियाजात कशावर भर द्यावा? आणि पडताल नावाचा जो प्रकार ऐकू येतो, त्याची तयारी कशी करावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदातीर

मुठाकाठ, धाग्याबद्दल आभार. मी नांदेडचा. घरी पंजाबी, शाळा मराठी, आणि लहानपणापासून हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात जथ्यांच्या मागे बसून ऐकण्याची सवय, एवढ्या भांडवलावर लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘पूर्णपणे समजून घ्यावी’ असेच आहे. गुरु ग्रंथ साहिबमध्ये शबदाच्या आरंभी रागाचे नाव असते, त्यानंतर ‘महला’ आणि एक अंक असतो, ज्यावरून तो शबद कोणत्या गुरूंचा आहे हे कळते. अनेक ठिकाणी पुढे ‘घरु’ आणि आणखी एक अंक येतो. या घराचा संबंध तालाशी आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतील, परंतु अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही आणि आजचे रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, त्यावरून ताल ठरवीत नाहीत. म्हणून तबलजीने त्या अंकावरून काही अनुमान काढू नये.

तबलजीच्या खऱ्या उपयोगाची खूण म्हणजे ‘रहाउ’. ज्या ओळीच्या शेवटी हा शब्द असतो, ती शबदाची मध्यवर्ती ओळ समजली जाते आणि गायनात तीच अस्थायी, म्हणजे ध्रुवपद, होते. लिखित पाठात ती बहुतेक वेळा पहिल्या पदानंतर येते, पण गायनाचा आरंभ तिच्यापासूनच होतो. इतर पदे अंतऱ्यासारखी गायली जातात आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर गाणे रहाउकडे परतते. तुम्हाला गुरुमुखी वाचता येत नसेल तर त्या दिवशीचे शबद आधी विचारून देवनागरीत उतरवून घ्या, रहाउच्या ओळीखाली रेघ ओढा आणि सम (तालाची पहिली मात्रा) कोणत्या अक्षरावर पडते ते खूण करून ठेवा. एवढ्याने अर्धा गोंधळ संपेल.

आता मध्येच ताल सोडण्याविषयी. एका शबदाचा आशय खुलवण्यासाठी रागी दुसऱ्या ठिकाणच्या बाणीतील, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबमधील रचनांतील, ओळी मध्ये घेतात. त्यांना प्रमाण म्हणतात, आणि आपल्या वारकरी कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही ती पद्धत परकी वाटणार नाही. हे प्रमाण अनेकदा तालमुक्त, आलापाच्या अंगाने म्हटले जाते. अशा वेळी काही जथ्यांत तबला पूर्ण थांबतो, तर काहींत अगदी दबक्या आवाजात ठेका चालू राहतो. यातले काय करायचे हे तबलजीने ठरवायचे नसते, ते जथेदाराला, म्हणजे जथ्याच्या प्रमुखाला, आधीच विचारून घ्यायचे असते. ठेका चालू ठेवलात तर मात्र त्याची लय प्रमाणाच्या ओळींबरोबर हलता कामा नये, कारण रागी त्याच लयीच्या भरवशावर रहाउचा मुखडा पुन्हा उचलणार असतो.

लेहरा

गोदातीर यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून रियाजाविषयी लिहितो. मी पुण्यात तबला शिकवतो आणि माझ्याकडे शिकलेले दोन विद्यार्थी सध्या शीख जथ्यांबरोबर नियमित वाजवतात. त्यांना तयार करताना लक्षात आले की आपल्या शिक्षणक्रमात कायदे, रेले आणि तुकडे पुष्कळ असतात, पण एकाच लयीत पाव तास नुसता ठेका वाजवण्याची सवय फार थोड्यांना असते. परीक्षेत कोणी ठेक्याला गुण देत नाही, हे त्याचे साधे कारण. शबद-कीर्तनात मात्र एक शबद दहा ते पंधरा मिनिटे सहज चालतो आणि त्यातला बहुतांश वेळ तुमच्याकडून ठेक्याखेरीज कशाचीही अपेक्षा नसते.

म्हणून मी पुढील क्रम सुचवीन. प्रथम लेहरा (तालाच्या आवर्तनाची फिरती धून) लावून, किंवा लयीचे यंत्र अतिशय हळू आवाजात ठेवून, मध्यलयीत नुसता कहरवा वाजवावा. बोट उचलण्याचा मोह झाला तरी भरीचा एकही बोल घालू नये. त्यानंतर यंत्र बंद करून तोच ठेका चालू ठेवावा आणि काही मिनिटांनी यंत्र पुन्हा लावून आपण किती पुढे गेलो ते पाहावे. बहुतेक जण पुढेच गेलेले असतात. डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्यावे. गुरुद्वाऱ्याच्या दरबारात, म्हणजे मुख्य दालनात, ध्वनिवर्धक असतो आणि डग्ग्यासमोरचा माइक घुमारा वाढवतो, त्यामुळे घरी गोड वाटणारी मींड (घसरता घुमारा) तेथे शब्दांवर चढून बसते. डग्गा खुला, पण आखूड वाजवण्याची सवय करावी.

तुम्ही उठाणाबद्दल लिहिले आहे, त्याचे कारण जथ्याच्या रचनेत आहे. सर्वसाधारण जथ्यात दोन रागी वाजा, म्हणजे हार्मोनियम, घेऊन बसतात आणि तिसरा तबलजी असतो. मुख्य रागी ओळ गातो आणि सहगायक ती उचलून धरतो किंवा पुन्हा म्हणतो. अभंगात टाळकरी ओळ उचलतात तेव्हा त्या गजरात तबल्याने जोर केला तरी चालतो, किंबहुना तो अपेक्षितच असतो. येथे सहगायकाची ओळ हासुद्धा पाठच आहे, संगत, म्हणजे जमलेले भाविक, ती ऐकत असते. भरीची जागा त्यानंतर येते, जेव्हा दोन्ही आवाज थांबून वाज्यावर तीच ओळ वाजते. ती जागा आवर्तन-दोन आवर्तनांची असते आणि लग्गी (भरीचे जलद बोल) घ्यायची ती तेवढ्यातच. मुखडा येण्यापूर्वी ठेक्यावर परत आलात तर रागी तुमच्याकडे वळून पाहणार नाही, आणि या साथीत तीच दाद समजावी.

कहरवा_ब्रॅम्प्टन

लेहरा सरांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु एक वेगळी बाजू मांडतो. कॅनडात आमच्या गावात शीख समाज मोठा आहे आणि माझा मुलगा शाळेतील मित्रांबरोबर गुरुद्वाऱ्यात तबला शिकतो. घरी आम्ही मराठी असलो तरी त्याचा पहिला ठेका त्याला तेथेच मिळाला. त्याच्या पिढीला जे कीर्तन आवडते त्यात कहरवा द्रुत असतो, संगत बरोबर गाते आणि ‘वाहेगुरू’ नामस्मरणात लय चढत जाते. तेथे नुसता साधा ठेका धरला तर तबलजी थंड वाटतो. साथ म्हणजे केवळ मागे राहणे, असे मानले तर या प्रकारावर अन्याय होतो. सिमरनाच्या वेळी संगतीला उचलून नेण्याचे काम बऱ्याच अंशी तबलाच करतो.

लेहरा

आपले म्हणणे मान्य आहे, आणि तो प्रकार मी कमी लेखत नाही. मात्र तेथेही लय कोणी चढवायची, हा प्रश्न उरतोच. रागीने चढवली तर तबलजीने ती पुढच्या समेपासून स्पष्टपणे धरावी. तबलजीनेच चढवली तर पाच मिनिटांत गाणाऱ्याच्या श्वासाला जागा उरत नाही आणि शब्द तुटू लागतात. द्रुत कहरव्याचा रियाज करायचाच असेल तर हात किती वेगाने चालतो यापेक्षा त्या वेगात हात किती वेळ सैल राहतो, ते पाहावे. मनगट आणि दंड दुखू लागला की लय आपोआप एक तर दबते किंवा पळते. मुलाला वेगाच्या ठेक्यात बोल वाढवण्याऐवजी कमी करायला शिकवा. चार बोलांऐवजी दोन वाजले तरी वजन तेच ठेवता आले, की सिमरन कितीही वेळ चालो, तो थकणार नाही.

पखवाजी_इंद्रायणी

विषय तबल्याचा असला तरी जोडीविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून हा प्रतिसाद. मी पखवाज वाजवतो. वारकरी भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपण कणीक लावतो. पंजाबच्या परंपरेत गुरुबाणीच्या साथीचे जुने वाद्य म्हणजे जोडी. ती दिसायला तबल्यासारखी, म्हणजे उभी आणि दोन भागांची असली, तरी अंगे लाकडी पिंपांसारखी आणि तबल्यापेक्षा मोठी असतात. डाव्या भागाला धामा म्हणतात आणि त्यावर शाई नसते, वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापला जातो. वादन उघड्या पंजाचे आणि बोल पखवाजाच्या वळणाचे. गुरू अर्जन यांच्या दरबारातील सत्ता आणि बलवंड या रबाबींनी (रबाब या तंतुवाद्यावर कीर्तन करणाऱ्यांनी) मृदंगाचे दोन भाग करून जोडी घडवली, अशी आख्यायिका पंजाबात सांगितली जाते. आख्यायिका आहे तशीच घ्यावी, पण जोडीचे पखवाजाशी नाते हातात घेतल्याबरोबर कळते.

तबल्याच्या पंजाब घराण्यावरही पखवाजाचा खोल ठसा आहे. मियाँ कादिर बख्श आणि त्यांचे शिष्य उस्ताद अल्लारखाँ यांचे वादन आपण सर्वांनी ऐकलेले किंवा त्याविषयी वाचलेले असते. शबद-कीर्तनाला साथ करणाऱ्याने दिल्लीच्या बोटांच्या नजाकतीबरोबरच थापेच्या बोलांचा, म्हणजे खुल्या ‘धा’चा आणि ‘तिटकत गदिगन’चा रियाज जरूर करावा. धृपद अंगाचे शबद चौताल, सूलताल किंवा धमारात गायले जातात, आणि तेथे चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, नाजूकपणे वाजवलेला ‘ना’ फार केविलवाणा वाटतो.

नामदेव महाराजांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले, म्हणून 2015 साली 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. माझी सूचना अशी की मुठाकाठ यांनी जथ्याला नामदेवांच्या एखाद्या शबदाने आरंभ करण्याची विनंती करावी. मात्र त्याला आपला भजनी ठेका लावण्याचा मोह टाळावा. ती पदे तेथे रागांच्या शीर्षकाखाली आहेत आणि जथा ती त्याच शिस्तीने गाणार.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शबद उतरवून रहाउखाली रेघ ओढण्याचा उपाय लगेच अमलात आणला आहे. सहगायकाविषयीचा मुद्दा वाचून उठाण कोठे खटकत होते ते समजले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. पहिली पडतालाविषयीची, जी राहूनच गेली आहे. दुसरी थोडी नाजूक आहे. मी शीख नाही. सरावाला बसणे वेगळे, पण उद्या जथ्याने दरबारात साथीला बसायला सांगितले तर ते मर्यादेला धरून होईल का? तेथे कोणाला विचारावे हेही संकोचामुळे सुचत नाही.

गोदातीर

संकोच करू नये, हा प्रश्न तेथे विचारला जातो आणि त्याचा कोणाला राग येत नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने 1945 साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, असे म्हटले आहे की संगतीत कीर्तन शीखानेच करावे. त्याच मर्यादेनुसार कीर्तनात गुरुबाणी आणि तिच्या विवरणाच्या स्वरूपातील भाई गुरदास व भाई नंदलाल यांच्या रचना एवढेच गायले जाते. दुसरीकडे इतिहास पाहिला तर गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मरदाना मुसलमान घरातले होते, आणि त्यांच्या परंपरेतले रबाबी 1947च्या फाळणीपर्यंत अमृतसरच्या दरबार साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, कीर्तन करीत होते. साथीदार हा कीर्तन करणारा समजायचा की नाही, यावर निरनिराळ्या गुरुद्वाऱ्यांत निरनिराळी वहिवाट आढळते. आमच्या हजूर साहिबची तर स्वतःची जुनी मर्यादा आहे. म्हणून येथे कोणी दिलेल्या उत्तरावर न जाता आपल्या गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथींना (ग्रंथपाठ करणाऱ्यांना) किंवा समितीला सरळ विचारावे आणि ते जे सांगतील ते आनंदाने मान्य करावे. ‘नाही’ म्हणाले तरी सरावातली तुमची जागा कमी मोलाची ठरत नाही.

बाकी रीत सोपी आहे. डोके झाकलेले असावे, पादत्राणे बाहेर ठेवून हातपाय धुऊन यावे, तंबाखू अंगावरही नसावी. वाद्ये नेताना-आणताना गुरु ग्रंथ साहिबकडे पाठ होणार नाही असे वागावे. कीर्तनाला टाळ्या वाजवीत नाहीत, त्यामुळे एखादी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा बोल) कितीही सुंदर पडली तरी शांतताच असेल, तिची सवय करून घ्यावी. हातोडीने तबला लावण्याचे काम दरबारात शिरण्यापूर्वी उरकावे. आधीच्या जथ्याचा शेवटचा शबद चालू असताना ठोकाठोक करणारा तबलजी मला व्यक्तिशः सहन होत नाही.

लेहरा

पडतालाविषयी. गुरु ग्रंथ साहिबमधील काही शबदांच्या शीर्षकातच ‘पडताल’ असा निर्देश आहे आणि हे शबद गुरू रामदास व गुरू अर्जन यांचे आहेत. प्रचलित गायकीत पडतालाचा अर्थ असा घेतला जातो की एकाच शबदात ताल बदलतो. रहाउ एका तालात, अंतरा दुसऱ्या तालात, कधी पुढचा अंतरा तिसऱ्या तालात, आणि प्रत्येक वेळी गाणे रहाउच्या मूळ तालाकडे परतते. तबलजीच्या दृष्टीने अवघड काय, तर ठेका बदलणे नव्हे. मात्रेची लांबी न बदलता ठेका बदलणे हे अवघड आहे. तीनतालातून झपतालात जाताना हात नकळत झपतालाची आपल्याला आवडती लय पकडतो आणि रागीची ओळ अडखळते.

यासाठी घरी दोन टप्प्यांनी रियाज करावा. पहिल्यात हातावर नुसती मात्रा मोजत, तोंडाने तीनतालाची चार आवर्तने, लगेच झपतालाची चार, मग रूपकाची चार आणि पुन्हा तीनताल, असे पढंत करावे. वाद्याला हातही लावू नये. दुसऱ्या टप्प्यात हेच वाजवावे आणि प्रत्येक बदलापूर्वी एकच छोटी तिहाई ठेवावी. एकच तिहाई सगळीकडे वापरली की ती प्रत्येक तालात कोठून उचलायची याचा हिशेब पक्का होतो. उदाहरणार्थ ‘तिटकत गदिगन धा’ हे तीनदा, प्रत्येक शब्दाला एक मात्रा आणि मध्ये दम नाही, असे घेतले तर नऊ मात्रांत शेवटचा ‘धा’ पडतो. मग तीनतालात ती खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलली की सम येते. झपतालात तिसऱ्या मात्रेपासून, एकतालात पाचव्यापासून, आणि रूपकात आवर्तनाच्या सातव्या मात्रेपासून उचलून त्यानंतरचे संपूर्ण आवर्तन ओलांडावे. रूपकाची सम खालीवर असल्याने तो शेवटचा ‘धा’ समेवर दिल्यानंतर ‘ती’कडे परतताना गडबड होते, तेवढे स्वतंत्रपणे घोटावे.

प्रत्यक्ष गाताना मात्र ही तिहाई दर वेळी वाजवण्याची गरज नाही. ताल कोणत्या शब्दावर बदलणार, हे रागीकडून आधी ठरवून घ्यावे आणि शक्य असेल तेथे काहीही न वाजवता, सरळ नव्या ठेक्याच्या समेवर उतरावे.

सूलताल

लेहरा सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण मग एवढ्या तिहायांचा रियाज कशासाठी, असा प्रश्न पडतो. मी पतियाळा येथे काही काळ नोकरीनिमित्त होतो. तेथील पंजाबी विद्यापीठात गुरमत संगीताचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच्या कार्यक्रमांना जाणे होत असे. तेथे ज्या कीर्तन-चौक्या ऐकल्या, त्यांत तबल्याला किंवा जोडीला स्वतंत्रपणे बोलायची जागा सुरुवातीलाच होती. चौकीच्या आरंभी जे वाद्यवादन होते त्याला शान म्हणतात. तेव्हा वाज्यावर किंवा तंतुवाद्यावर रागाची धून चालू असते आणि तबलजी आपले जे काही सांगायचे ते सांगून घेतो. त्यानंतर मंगलाचरण विलंबित लयीत येते, मग मुख्य शबद, कधी पडताल, आणि शेवटी पौडीने, म्हणजे वार नावाच्या दीर्घ रचनेतील एका पदाने, चौकी समाप्त होते. तयारी दाखवायची हौस शानेत भागवावी, शबद सुरू झाल्यावर नव्हे. माझ्या मते ही योजना आपल्या अनेक संगीत सभांपेक्षा शहाणपणाची आहे.

लेहरा

रियाज तिहाईचा नाही, समेच्या जाणिवेचा आहे. तिहाईचा हिशेब हाताला पाठ झाला की ती न वाजवतासुद्धा सम नेमकी कळते. शानेविषयीची माहिती उत्तम, आणि मुठाकाठ यांनी त्यासाठी तीनतालातील एक पेशकार व दोन-तीन गती तयार ठेवाव्यात.

तारशहनाई

धागा वाचून राहवले नाही. मी दिलरुबा शिकते, त्यामुळे माझा प्रश्न तबलजींना उद्देशून आहे. 2022 साली अकाल तख्ताकडून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडून, अशी सूचना झाली की दरबार साहिबमधील कीर्तनात तंती साज, म्हणजे रबाब, ताऊस, दिलरुबा, सारंदा अशी वाद्ये, परत आणावीत आणि हार्मोनियम टप्प्याटप्प्याने दूर करावा. या सूचनेवर उलटसुलट चर्चा पुष्कळ झाली आणि त्यात मला येथे शिरायचे नाही. पण आमच्या वर्गात दिलरुबा घेऊन गाणाऱ्या मुली बसतात तेव्हा तबला सहज त्यांच्यावर मात करतो. हार्मोनियमच्या भात्याशी स्पर्धा करायची सवय झालेला हात तारांच्या आवाजाला जागा देत नाही. याला रियाजाचा काही उपाय आहे का?

पखवाजी_इंद्रायणी

ताई, उपाय आहे, आणि तो हळू वाजवण्याचा नाही. हळू वाजवायला सांगितले की तबलजी बोल पुसट करतो, लय ढिली पडते आणि गाणाऱ्याचा आधारच जातो. आवाज कमी, पण बोलाची कड तशीच, असे वाजवता आले पाहिजे. त्यासाठी रात्री घरातली माणसे झोपलेली असताना तीनतालाचा ठेका असा वाजवावा की शेजारच्या खोलीत जाग येऊ नये आणि स्वतःला मात्र प्रत्येक ‘ना’ वेगळा ऐकू यावा. शिवाय तबल्याचा स्वर तारांशी काटेकोर मिळालेला असेल तर तो कमी आवाजातही भरतो. किंचित उतरलेला तबला मोठा वाजवूनच झाकावा लागतो, आणि मग दिलरुब्याचे काही खरे नसते.

मुठाकाठ

स्वराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या जथ्यात मुलगे काळी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर षड्ज धरून) गातात आणि मुली काळी चार किंवा काळी पाचमध्ये. माझ्याकडे काळी एकचा एकच चांगला तबला आहे. प्रत्येक स्वराला निराळा तबला घेणे मला शक्य नाही.

लेहरा

गरजही नाही. मुली काळी चारमध्ये गात असतील तर त्यांचा मध्यम काळी एकवर येतो, म्हणजे तुमचा तबला आहे तसा मध्यमाला लागला. काळी पाचमध्ये गाणाऱ्यांचा मध्यम काळी दोनवर, आणि मुलग्यांचा षड्जही काळी दोनच. तेव्हा काळी एकशिवाय काळी दोनला न कुरकुरता लागणारा, साधारण पाच इंची तोंडाचा एक तबला घेतलात तर सगळे भागेल. आहे तोच तबला चढवून काळी दोनवर नेऊ नका. पुडी, म्हणजे वरचे कातडे, ताणली जाते आणि आस, म्हणजे नाद टिकण्याची लांबी, आखूड होते. मात्र ज्या रागात शुद्ध मध्यम नाही, तेथे मध्यमात लावलेला तबला टोचतो. अशा वेळी काळी चारच्या गायिकेसाठी पंचमाचा, म्हणजे पुन्हा काळी दोनचाच तबला उपयोगी पडेल.

गोदातीर

एक मुद्दा राहिला आणि तो तुम्हाला लवकरच लागेल, कारण शिकणारे जथे पुढे आसा दी वारकडे वळतात. ही वार पहाटे गायली जाते आणि दोन-तीन तास सहज चालते. तिच्या चोवीस पौड्या आहेत. प्रचलित पद्धतीत पौडीच्या आधी गुरू रामदास यांच्या छंत नावाच्या रचनांतील एकेक पद तालात गायले जाते, त्यानंतरचे सलोक (श्लोक) बहुधा ताल न धरता म्हटले जातात आणि पौडी पुन्हा तालात येते. मधूनमधून जथेदार शबदही घालतो. म्हणजे तबलजीला तीन तासांत कितीतरी वेळा थांबायचे आणि कितीतरी वेळा अचूक उठायचे असते, आणि नवखा माणूस चुकतो तो वाजवताना नव्हे, सलोक चालू असताना लक्ष भरकटले की. सलोक किती ओळींचा आहे ते पोथीत पाहून ठेवावे आणि त्या वेळी हात मांडीवर असले तरी ओठांत पाठ चालू ठेवावा. पौडीच्या ठेक्याचे बोल आणि त्याचे वजन जथ्या-जथ्यात थोडे बदलते, म्हणून ते पुस्तकातून न घेता तुमच्या जथेदाराकडून प्रत्यक्ष हातावर घ्यावे.

पहाटेच्या थंडीत पुडी चढते-उतरते, त्यामुळे निघण्यापूर्वी घरी लावलेल्या तबल्यावर विसंबू नये, अर्धा तास आधी पोहोचावे.

मुठाकाठ

उद्याच्या सरावाला पोथीची देवनागरी प्रत मागितली आहे, आणि ग्रंथींशी बोलण्याचेही ठरवले आहे. ते काय म्हणाले ते येथे कळवीन. तोवर पाच इंची तबला पुण्यात चांगला कोठे भरून मिळेल, हे कोणाला ठाऊक असल्यास निरोपातून कळवावे.